चार्जरची खंडेनवमी

"मामा, उद्या तुमी सुट्टी घ्या," असे किशोर घारे म्हणाला आणि तेथूनच पुढील सर्व घोटाळ्यास आरंभ झाला.

सदूमामा त्या वेळी चार्जरची जाड केबल गोणपाटाने पुसत होते. त्यांनी पुसणे थांबवले. एकतीस वर्षे भाताच्या गिरणीवर आणि सहा महिने या चार्जरवर, अशा एकंदर साडेएकतीस वर्षांच्या सेवेत कोणी आपण होऊन सुट्टी दिल्याचे त्यांच्या स्मरणात नव्हते.

"सुट्टी? कशाला रं?"

"खंडेनवमी हाय ना उद्या. घरी ऱ्हावा आरामात. हिकडं फिरकू पन नका."

"आनि ह्याला?" मामांनी चार्जरकडे बोट केले.

त्याच क्षणी किशोरचा फोन वाजला. "हो हो, सगळ्यांना," असे म्हणत तो फोन कानाला लावून रस्त्याच्या दिशेने चालता झाला. आपण काय बोललो याचे भान त्यास यत्किंचितही नव्हते. मामांना मात्र भरून आले.

येथे वाचकांस थोडी पार्श्वभूमी सांगणे अवश्य आहे. किशोर आणि त्याची कॉलेजातील सहाध्यायी प्रिया या दोघांनी भिसेगावात एक खोली भाड्याने घेऊन 'लखलख चार्जिंग' नावाची कंपनी स्थापन केली होती. विजेवर चालणारी मोटारगाडी अर्ध्या तासात मार्गस्थ करील असा चार्जर त्यांनी स्वतः सिद्ध केला होता. त्यास दांडगी वीज लागे, आणि ती कर्जतहून चौककडे जाणाऱ्या रस्त्यावर एका बंद पडलेल्या भातगिरणीच्या आवारात आयती उपलब्ध होती. गिरणीसाठी पूर्वी बसवलेली डीपी, म्हणजे विजेचा ट्रान्सफॉर्मर, अजून जागच्या जागी उभी होती. तेव्हा त्यांनी ती जागा घेतली. जागेबरोबर डीपी मिळाली आणि डीपीबरोबर सदूमामा मिळाले.

मामा हे किशोरच्या आईचे चुलतभाऊ. गिरणी बंद होऊन चार वर्षे लोटली, तरी ते रोज सकाळी नऊ वाजता येऊन तिच्या ओट्यावर बसत असत. चार्जर उभा राहिला तेव्हा ते ओट्यावरून उठून चार्जरपाशी बसले, एवढाच काय तो बदल. त्यांना कोणी नेमले नव्हते. आणि कोणी नेमले नव्हते म्हणूनच त्यांना काढून टाकणे अशक्य होते. ते आवार झाडीत, नवख्या ड्रायव्हरास मोबाईलवर कोठे बोट दाबावे ते सांगत, आणि गाडीत खुपसावयाचा जो जड प्लग, ज्याला कंपनीत 'गन' म्हणत आणि मामा 'सोंड' म्हणत, तो उन्हाने तापू नये म्हणून त्यावर ओले फडके टाकीत. फडके ओले नसावे, असे प्रियाने त्यांना तीनदा समजावले होते. वीज कडाडू लागली की मुख्य स्विच बंद करावा, म्हणून त्या पेटीच्या कुलपाची चावी मामांकडे असे. एक चावी हरवली तर दुसरी हाताशी असावी, या दूरदृष्टीने दुसरी चावीही मामांनी त्याच कडीत अडकवून घेतली होती.

आता प्रश्न असा होता की, पुण्याची एक विजेच्या टॅक्सी चालवणारी कंपनी खालापूर आणि कर्जत या दोन तालुक्यांत आठ चार्जिंग केंद्रे उभारणार होती. तेथे चार्जर पुरवणाऱ्यांकडून तिने जो अर्ज मागवला होता त्यात 'केंद्रावरील कर्मचारी संख्या' असा एक रकाना होता, आणि त्यात शून्य लिहिणाऱ्यांचाच विचार होईल अशी कुजबूज सर्वत्र होती. किशोरने शून्य लिहिले. त्या कंपनीच्या पाहणी अधिकारी श्रद्धा केळुसकर या नेमक्या खंडेनवमीच्या दिवशी दुपारी येणार होत्या. आवारात मामा दिसले असते तर अर्ज बाद झाला असता. आणि अर्ज मंजूर झाला असता तर पुढे मामांना कायमचे घरी बसा असे सांगावे लागले असते. हे कसे सांगावे ते किशोरला दोन आठवडे सुचले नव्हते. म्हणून त्याने सुट्टी दिली.

मामांनी मात्र संध्याकाळी घरी जाऊन बायकोला, इंदूबाईंना, सांगितले, "पोरगा शिकला, पन इसरला नाय. यंत्रालाबी सुट्टी देतो म्हनला."

"यंत्राला सुट्टी, तुमाला सुट्टी," इंदूबाई भाकरी थापता थापता म्हणाल्या. "मला कवा हाय?"

"तुला मालकच नाय, तर सुट्टी कोन दील?"

"मालक नाय ते बरं हाय. हाय तो नोकरच झेपना मला."

गिरणीवर असताना मामांचा नेम कधी चुकला नव्हता. खंडेनवमीस गिरणी धुवायची, पट्ट्याला हळदकुंकू लावायचे, झेंडूचा हार घालायचा, आणि मग दुसऱ्या दिवशी दसऱ्याची अंघोळ होईपर्यंत तिला बोटही लावायचे नाही. आदिवासी वाडीवरचा माणूस भर उन्हात डोक्यावर भात घेऊन आला, तरी मामा त्याला पाणी देत, ओट्यावर बसवत आणि म्हणत, "आज ती झोपलीय."

दुसऱ्या दिवशी किशोर आणि प्रिया अकराच्या सुमारास आवारात पोहोचले, आणि चार्जर पाहून जागीच थबकले. चार्जरच्या कपाळी, म्हणजे जेथे हिरवा दिवा लागे तेथे, कुंकवाचे ठळक स्वस्तिक होते. पडद्यावर झेंडूचा हार अशा रीतीने रुळत होता की एकही अक्षर दिसू नये. सोंडेला हिरवा खण गुंडाळून वर हळदीची बोटे ओढली होती. पायाशी नारळ, पाच पाने आणि एक केळे होते. ते केळे एक कावळा यंत्राकडे आदराने पाहत खात होता.

"फार छान सजवलंय," प्रिया म्हणाली. "आता चालू कर."

किशोरने मोबाईल काढला. मोबाईलवर 'केंद्र बंद' अशी पाटी होती. तो धावत स्विचच्या पेटीकडे गेला. पेटीस कुलूप होते, आणि कुलपासही कुंकू लावले होते.

"दुसरी चावी कुठंय?" प्रियाने विचारले.

"पहिलीजवळ."

"आणि पहिली?"

"मामांजवळ."

इतक्यात आवाराच्या तोंडाशी एक पांढरी गाडी आवाज न करता वळली. श्रद्धाबाई ठरल्यापेक्षा एक तास आधी आल्या होत्या. अचानक पाहणी करण्याची त्यांची पद्धतच होती. दुसरी पद्धत अशी की, चार्जरची खरी परीक्षा व्हावी म्हणून त्या गाडी मुद्दाम रिकामी करून आणीत. त्या दिवशी त्या सकाळपासून नेरळपर्यंत दोन खेपा करून आल्या होत्या.

"चार टक्के उरलेत," त्या उतरता उतरता समाधानाने म्हणाल्या. "आता दाखवा तुमची कमाल." मग त्यांचे लक्ष चार्जरकडे गेले. "हे काय आहे?"

"सण आहे ना आज," किशोर म्हणाला. "थोडी पूजा केलीय."

"कोणी केली?"

जेथे शून्य कर्मचारी आहेत तेथे नारळ कोणी ठेवला, हे सांगणे किशोरला कठीण गेले. प्रियाने बाईंना सावलीत ओट्यावर बसवले, आणि किशोरला डोळ्यांनी गिरणीमागच्या मामांच्या घराकडे पिटाळले.

मामा इस्त्रीचा सदरा घालून अंगणात खुर्चीवर बसले होते. सुट्टी कशी घ्यावी याचा सराव नसल्याने ते नुसते ताठ बसून होते.

"मामा, चला लवकर. चावी घ्या."

"नाय बा. तू म्हनलास हिकडं फिरकू नको."

"मीच म्हनतोय आता, फिरका."

"आनि यंत्र?"

"चालू करायचंय."

मामा उठले, पण अंगणातच उभे राहिले. "किशोर, त्याला सांगितलंय मी. सकाळी हात जोडून सांगितलं, आज कोन तुला हात लावनार नाय म्हनून. वरीसभर आपन त्याला नाय म्हनू देत नाय. एक दिस त्याचा. तोबी काढून घ्यायचा?"

किशोरने त्यांस परिस्थिती सांगितली. म्हणजे पाहुण्या आल्या आहेत आणि त्यांची गाडी बंद पडणार आहे, इतकेच सांगितले. अडलेल्या माणसाचे नाव निघताच मामा निघाले. मागोमाग इंदूबाईही पाण्याचा तांब्या घेऊन निघाल्या.

श्रद्धाबाईंनी आल्याबरोबर विचारले, "हे कोण?"

"हे मामा," किशोर म्हणाला.

"इथं काम करतात?"

बाईंनी पिशवीतून अर्जाचा कागद काढून तो सर्वांसमक्ष वाचला. "केंद्रावरील कर्मचारी, शून्य. तुम्हीच लिहिलंय ना?"

मामांनी कागदाकडे पाहिले, मग किशोरकडे पाहिले. किशोर जमिनीकडे पाहत होता. आपणास आज सुट्टी का मिळाली, हे मामांच्या ध्यानात येण्यास त्यानंतर फार वेळ लागला नाही. त्यांनी सदऱ्याची गुंडी उगाच काढून पुन्हा लावली.

"मी हितला कोन नाय, बाई," ते शांतपणे म्हणाले. "मी आपला जाता जाता थांबलो. पोरानं कागदावर लिवलंय ते खरं हाय. हितं मानूस लागतच नाय. आपलं आपन चालतंय समदं."

"मग चावी तुमच्याकडं कशी?"

"सापडली."

"दोन्ही?"

"एकातच होत्या."

इंदूबाईंनी पदर तोंडाला लावला. हसू येत होते की दुसरे काही, हे सांगणे कठीण आहे.

मामा पेटीकडे गेले. पोराचे काम अडले होते, तेव्हा साडेएकतीस वर्षांचा नेम मोडणे त्यांना भाग होते. त्यांनी चार्जरला हात जोडले आणि ते हलक्या आवाजात म्हणाले, "माप कर बाबा. थोडा वेळ ऊठ. आपल्याच घरचं काम हाय." मग त्यांनी चावी कुलपात घातली. चावी रोजचीच होती, कुलूपही रोजचेच होते. पण ती फिरवण्यास त्यांचा हात धजेना.

ते पाहून किशोरला राहवले नाही. त्याने पुढे होऊन मामांचा हात धरला. "ऱ्हाऊ द्या, मामा. उद्या चालू करू."

"अरं, पन तुजं..."

"माजं काय व्हायचं ते होऊ दे." मग तो बाईंकडे वळला. "मॅडम, मी खोटं लिहिलं. हे सहा महिने रोज इथं असतात. यांच्याशिवाय हे स्टेशन एक दिवस चाललेलं नाही. ते तुम्हाला दिसू नयेत म्हणून मी त्यांना सुट्टी दिली. ती त्यांनी खरी मानली."

प्रिया म्हणाली, "हे मी दोन आठवडे सांगत होते."

श्रद्धाबाईंनी कागदाची घडी केली. त्यांच्या मुद्रेवरून काही कळत नव्हते. "ते ठीक," त्या म्हणाल्या. "पण माझी गाडी चार टक्क्यांवर आहे. मी कर्जतला लॉजवर तरी कशी जाऊ?"

गाडीच्या डिकीत घरगुती प्लगला जोडता येईल अशी केबल होती. सावकाश का होईना, कोणत्याही घरात गाडी भरता येणार होती. मात्र प्लग तीन जाड पायांचा होता, आणि तसे बोर्ड मामांच्या घरात दोनच होते. एकावर पाण्याची मोटार होती. मोटारीला हार घातलेला होता, सबब तो बोर्ड बाद झाला. दुसऱ्यावर फ्रीज होता. फ्रीजची पूजा झाली नव्हती.

"फ्रीज अवजार हाय का नाय?" मामांना शंका आली.

याचा निवाडा इंदूबाईंनी केला. "तो काय राबतो? नुसता उभा असतो. काढा त्याची पिन."

याप्रमाणे अर्ध्या तासात गाडी भरून देणाऱ्या कंपनीच्या पाहणीस आलेल्या बाईंची गाडी सदूमामांच्या अंगणात, खिडकीतून केबल घेऊन, फ्रीजच्या बोर्डावर चार तासांसाठी उभी राहिली. त्यातून पुढची अडचण निघाली. फ्रीजमध्ये दसऱ्यासाठी केलेले श्रीखंड होते. आश्विनातील उन्हात ते चार तास टिकणार नव्हते. इंदूबाईंनी पातेले बाहेर काढले आणि बाईंसमोर वाटी ठेवली.

"सण उद्याचा हाय, पन खावा आज. ते काय थांबायचं नाय."

"अहो, मी पाहणीला आलेय. मला चालत नाही."

"मलाबी चालत नाय. माजे घट उद्या उठनार. म्हनून तर तुमाला देते."

बाईंनी वाटी घेतली. दुसरीही घेतली. तिसऱ्या वाटीच्या वेळी बुधाजी नावाचा एक ड्रायव्हर आपला विजेचा टेंपो घेऊन अंगणात आला.

"मामा, ठेसनाला हार दिसला. नवमी हाय, इसरलोच बगा," असे म्हणत तो पायरीवर टेकला आणि त्यानेही वाटी घेतली. बाईंनी त्याला विचारले की, केंद्र बंद आहे हे मोबाईलवर पाहून का आला नाहीत. तो म्हणाला, "मोबाईलवर काय बगायचं, ताई? बाकीची ठेसनं मोबाईलवर चालू दिसत्यात नि गेल्यावर मेलेली असत्यात. कंपनीला फोन लावा तर यंत्रच बोलतं. हितं मामा बोलतात."

बाई आपली वही उघडून बसल्या. मग त्या म्हणाल्या, "मामा, एक विचारू? बंद असण्याचं कारण, असा रकाना आहे. काय लिहू?"

मामांनी विचार केला. "इसावा लिवा."

"आणि पुन्हा केव्हा सुरू होईल?"

"उद्या सकाळी नवाला. अंगोळ करून आलो की लगेच."

बाईंनी लिहिले, आणि वही किशोर व प्रिया यांच्यापुढे धरली. "या आठवड्यात मी निरनिराळ्या कंपन्यांची अकरा केंद्रं पाहिली. शून्य कर्मचारीवाली. त्यातली सात बंद होती. हा रकाना बघा."

सातही केंद्रांपुढे 'पुन्हा केव्हा सुरू होईल' या रकान्यात काही नव्हते. विचारण्यास तेथे कोणी नव्हतेच. संपूर्ण पानावर तो रकाना केवळ एकाच ठिकाणी भरला होता, आणि त्यात अंघोळीचा उल्लेख होता.

"आजचा मुक्कामही कर्जतलाच करते," बाई म्हणाल्या. "उद्या नऊला येते. बघू, माणूस शब्दाचा पक्का आहे का, आणि यंत्रही."

दसऱ्याच्या सकाळी नवाला पाच मिनिटे असताना मामा ओल्या केसांनी हजर झाले. त्यांनी हार उतरवला, खण सोडला, सोंड कोरड्या फडक्याने पुसली आणि पेटीचे कुलूप उघडले. हिरवा दिवा कुंकवाच्या मागून उजळला. गाडी सत्तावीस मिनिटांत भरली. इंदूबाईंनी दिलेला चहा तोवर बाईंचा अर्धाही झाला नव्हता, आणि यंत्राने इतकी घाई करायला नको होती, असे इंदूबाईंचे मत पडले.

"आठही केंद्रांची शिफारस करते," जाताना श्रद्धाबाई म्हणाल्या आणि अर्ज त्यांनी किशोरच्या हाती परत दिला. "पण हा रकाना दुरुस्त करून पाठवा. शून्य असलेला कागद मी पुढे नेणार नाही."

गाडी रस्त्याला लागली. प्रिया आकडे उतरवून घेण्याच्या निमित्ताने चार्जरच्या मागे गेली. किशोर मामांशेजारी ओट्यावर बसला.

"मामा, मी कागदावर तुमाला शून्य लिवलं."

"बगू."

मामांनी कागद हातात घेतला आणि लांब धरून पाहिला. "चांगलं गोल आलंय."

"मामा, चुकलं माजं."

"पेन हाय का तुज्याकडं?"

किशोरने पेन काढले, आणि शून्यावर काट मारण्यासाठी ते टेकवले. मामांनी त्याचे मनगट धरले.

"खोडू नको. खाडाखोड केलेला कागद सायबाम्होरं बरा दिसत नाय. त्याच्या आदी एक काढ."

"मामा, मग ते दहा होतील."

मामांनी समोरच्या रस्त्याकडे पाहत बोटांची पेरे मोजली. मग मान डोलावली.

"मंग बरोबर हाय की. आठ ठेसनांना आठ, नि दोन सुट्टीच्या बदलीला."